कुठल्या गेमचा टायर खरा? भांडायच्या आधी एवढं करून बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं टायरचं दुकान. वडिलांच्या काळात रिमोल्डिंग चालायचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम. आता अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पंक्चर. दिवसभर हाताखाली खरे टायर आणि रात्री जेवण उरकलं की वरच्या खोलीत रेसिंगचा गेम. स्टिअरिंग लॉजिटेकचं जी29, पुण्याहून जुनं घेतलेलं, आणि ते आवळलंय मोडीत निघालेल्या यंत्रमागाच्या सागवानी फळीला.

टायरवाला म्हणून गल्लीतली पोरं मला पंच करतात. "काका, तुम्हीच सांगा, कुठल्या गेमचा टायर खरा?" म्हणजे कुठल्या गेममधला टायर खऱ्या टायरसारखा वागतो. मी तोंड उघडायच्या आत त्यांचीच जुंपते. असेट्टो कोर्सा, आयरेसिंग आणि आरफॅक्टर 2 हे त्यांचे गेम. असेट्टो कोर्सावाला म्हणतो, आयरेसिंग म्हणजे बर्फावर गाडी चालवणं. आयरेसिंगवाला म्हणतो, तुमचं ते खेळणं. आरफॅक्टर 2 खेळणारा एकच आहे, तो काही न बोलता हसतो आणि त्याचाच जास्त राग येतो. शेवटी कुणीतरी विचारतं, "काय बे, तू कधी खरी रेसची गाडी चालवलीस का?" तिथं सगळे गप्प. कारण कुणीच चालवलेली नसते. मीसुद्धा नाही.

पण टायर तपासायला रेसर असावं लागत नाही. टायर काही नियम पाळतो, आणि ते पाळले जातायत का हे घरबसल्या बघता येतं. माझी पद्धत सांगतो. सुरुवात मात्र गेमपासून करायची नाही, स्वतःपासून करायची. का, ते ऐका.

मी मूळचा लाइव्ह फॉर स्पीडचा माणूस. तीन जणांनी मिळून बनवलेला गेम. नवी पेठेत एका सायबर कॅफेत त्याचा फुकट डेमो होता: ब्लॅकवुडचा ट्रॅक, मोजक्या गाड्या, आणि स्टिअरिंग म्हणजे माउस. त्यात एफ9 दाबलं की चारही टायर पडद्यावर यायचे, तापमानाप्रमाणे रंग बदलणारे. वळणावर बाहेरच्या पुढच्या टायरची बाहेरची कड आधी लाल व्हायची. सकाळी वडिलांच्या दुकानात रिक्षाच्या टायरची तीच कड घासलेली मी बघितलेली असायची. तेवढ्यावर माझं मन बसलं. पुढं दहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की टायर असावा तर लाइव्ह फॉर स्पीडचा. दुसरा कुठलाही गेम अर्धा तास खेळायचो आणि नाक मुरडून बंद करायचो.

मग एका मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. इंजिनिअरिंगचा पोरगा, माझी बडबड ऐकून कंटाळलेला. म्हणाला, "मामा, मी गाडीतली हवा बदलतो. तुम्ही फक्त सांगायचं, कमी आहे का जास्त." असेट्टो कोर्सा लावला, माझ्दा एमएक्स-5 घेतली, ट्रॅक मॅजिओने, कारण तो छोटा आहे. हवा एकदा 26 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), एकदा 30. कुठली ठेवायची ते तो नाणं उडवून ठरवणार आणि वहीत लिहून ठेवणार. तो सेटिंग बदलेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. असं दहा वेळा, दर वेळी दोन लॅप, म्हणजे ट्रॅकचे दोन फेरे.

दहाही वेळा मी ठासून सांगितलं. "हे बघ, पुढून जडशीळ वाटतंय, हवा कमी आहे." दहापैकी पाच बरोबर. म्हणजे मी आणि ते नाणं, दोघं सारखेच हुशार. दिवसातून पन्नास टायरमध्ये हवा भरणारा माणूस मी, आणि चार पीएसआयचा फरक मला कळला नव्हता. भाचा काही बोलला नाही. वही तेवढी उघडी ठेवून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला खाली गेला.

तर पहिलं काम हे करा. एक माणूस, एक नाणं, एक वही. पडद्यावर हवेचे किंवा तापमानाचे आकडे दिसत असतील तर बंद करा, नाहीतर डोळे चोरी करतात. दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर आले तरच तुमच्या हाताला फरक कळतो असं समजा. नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर यायची शक्यता शंभरात एक. आठ आले तर खूश होऊ नका, आठ किंवा जास्त तर शंभरात पाचसहा वेळा आंधळेपणानेही येतात. पाच आले तर माझ्या पंगतीला बसा. मग मोठ्या फरकापासून सुरू करा, 22 आणि 34 असं काहीतरी, आणि हळूहळू अंतर कमी करत आणा. मला 26 आणि 30 ओळखायला तीन आठवडे लागले. हवा कमी असली की स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचं नाक किंचित उशिरा वळतं. कळायची खूण जोरात नव्हती, उशिरात होती, आणि मी इतके दिवस जोर शोधत होतो.

आता स्टिअरिंगचं. या विषयावरची निम्मी भांडणं टायरची नसतातच, फोर्स फीडबॅकची असतात, म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला जो जोर देते त्याची. गेममध्ये टायरचं गणित एका जागी होतं, आणि त्यातून स्टिअरिंगच्या रॅकवर (चाकं वळवणाऱ्या दांड्यावर) किती जोर येतो ते काढून तुमच्या मोटरला पाठवलं जातं. टायर उत्तम आणि पाठवणी वाईट, असं होऊ शकतं. उलटंही होतं: टायर सुमार, पण हाताला इतकं छान थरथरतं की माणूस फिदा. म्हणून दोन गेमची तुलना करायच्या आधी दोन्हीकडे स्टिअरिंगचा कोन सारखा ठेवा. जी29 पूर्ण 900 अंश फिरतं, गेमलाही तेच सांगा. मग जोर इतका कमी करा की वळणात मोटर कमाल मर्यादेला टेकणार नाही. असेट्टो कोर्सात पडद्यावरच्या पेडलच्या ॲपमध्ये यासाठी एक पट्टी असते. ती लाल झाली म्हणजे गेम जोर मागतोय आणि मोटरकडे तो उरलेला नाही. तिथून पुढं टायर काय म्हणतोय ते हाताला कळणं बंद. पोरं जोर शंभरवर ठेवतात, दंडात बेटकुळ्या येतात, आणि म्हणतात या गेममध्ये काही जाणवतच नाही.

सोलापूरकरांसाठी एक जादा सूचना. एप्रिल-मेमध्ये दुपारी ही तपासणी करू नका. आमची वरची खोली पत्र्याची, दुपारी आत उभं राहवत नाही. तासाभरात स्टिअरिंगची मोटर तापते आणि तापलेली मोटर तोच जोर देत नाही. सकाळी सहाला 'अ' गेम आणि दुपारी दोनला 'ब' गेम खेळून 'ब'चा टायर मेलेला आहे असा निकाल मी एकदा दिलेला आहे. खुर्चीला चाकं असतील तर मागं विटा लावा. ब्रेक मारल्यावर खुर्ची मागं सरकते आणि आपण गाडीला नावं ठेवतो. मी एक जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून चाकांखाली टाकतो. विटांपेक्षा बरी, फरशीही खरवडत नाही.

एवढं झालं की गेमला हात घाला. गाडी शक्यतो सगळीकडे सारखी घ्या. एमएक्स-5 किंवा कुठलीही जीटी3 (रेसच्या गाड्यांचा एक वर्ग) बऱ्याच ठिकाणी सापडते. ट्रॅक बेल्जियमचा स्पा घ्या, तो जवळजवळ प्रत्येक गेममध्ये आहे. आणि गाडी कंपनीने दिलेलीच, बाहेरून उतरवलेली मॉड नको. असेट्टो कोर्सात प्रत्येक गाडीच्या टायरची स्वतंत्र फाइल असते. कुणी हौशी माणसाने त्यात काय आकडे भरलेत देव जाणे. मॉडची गाडी घसरली म्हणून गेमला शिव्या घालणं म्हणजे भाड्याच्या सायकलवरून पडलो म्हणून रस्त्याला मारणं.

सगळ्यात सोपी चाचणी गाडी न चालवता होते. स्पाला ओ रूजचा चढ आहे. चढाच्या मध्यावर गाडी आडवी उभी करा, ब्रेक दाबून ठेवा आणि हात बांधून एक मिनिट बघत बसा. गाडी हळूहळू उताराकडे सरकतेय का? सरकत असेल तर त्याचं कारण मजेदार आहे. टायर किती घसरतोय हे काढायचं नेहमीचं सूत्र म्हणजे चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यातला फरक, भागिले गाडीचा वेग. गाडी उभी असली की भागाकार शून्याने, आणि तिथं गणिताचं दिवाळं वाजतं. म्हणून अगदी कमी वेगासाठी गेम बनवणाऱ्यांना वेगळी सोय करावी लागते. ती कुणी मनापासून केलीय आणि कुणी दडपून नेलीय ते इथं दिसतं. पिटमधून (रेसमध्ये गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथून) निघताना किंवा गोल फिरून थांबताना गाडी साबणावर असल्यासारखी वाटते, त्याचं मूळही बहुतेक इथंच असतं. मात्र यात नापास झालेला गेम दीडशेच्या वेगाला चांगला असू शकतो, हे लक्षात असू द्या.

दुसरी चाचणी हवेची, माझ्या धंद्यातली. मे महिन्यात हैदराबादकडून आलेला ट्रक दुपारी दुकानासमोर थांबतो. गेज लावला की हवा ठरल्यापेक्षा बरीच जास्त. ड्रायव्हर म्हणतो, "काढा थोडी." मी म्हणतो, आधी चहा घ्या, टायर गार होऊ द्या. गरम टायरची हवा काढली तर सकाळी तो कमी हवेवर धावणार. हाच हिशोब गेमला लावा. 25 अंशाला 22 पीएसआय भरली आणि आतली हवा 80 अंशापर्यंत तापली, तर गेजवर साधारण 29 यायला पाहिजे. (बाहेरच्या हवेचा 14.7 दाब आधी मिळवायचा, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, शेवटी 14.7 वजा करायचा. दहावीचं विज्ञान.) गेममध्ये चारपाच लॅप मारा आणि आकडा बघा. एकदोन इकडंतिकडं चालेल. दुसऱ्याच वळणाला आकडा वर जाऊन तिथंच खिळला असेल तर संशय घ्या. खऱ्या टायरचा पृष्ठभाग चटकन तापतो, चटकन निवतो. आतली हवा म्हशीसारखी सावकाश हलते. मुद्दाम गाडी घसरवा: वरचं तापमान उसळी मारून सरळ रस्त्यावर खाली यायला हवं, आणि हवेचा आकडा मागून रेंगाळत यायला हवा.

आता खरी मेजवानी, स्टिअरिंगचं हलकं होणं. हे आधी टेबलावर करून बघा. कपडे धुवायचा ब्रश घ्या, दाते खाली करून टेबलावर दाबा आणि थोडा तिरका ओढा. पुढचे दाते नुकतेच टेकलेले असतात, ते कमी वाकतात; मागचे जास्त वाकतात आणि आणखी तिरका ओढला की सगळ्यात आधी मागचेच सुटतात. टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा भाग असाच वागतो. टायरचं तोंड एकीकडे आणि तो प्रत्यक्ष जातोय थोडा दुसरीकडे, या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. जास्त जोर मागच्या दात्यांवर, म्हणून चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. तोच जडपणा आपल्या हातात येतो. कोन वाढला की मागचे दाते सुटतात, जडपणा कमी व्हायला लागतो, पण बाजूची पकड अजून वाढतच असते. म्हणजे स्टिअरिंग आधी हलकं होतं आणि गाडी नंतर सुटते. त्या दोहोंमधली फट म्हणजे ड्रायव्हरला मिळालेली सूचना.

ही फट गेममध्ये शोधायची. लाइव्ह फॉर स्पीडमध्ये गोल फिरायला स्किडपॅड आहे. नसेल तिथं लांबलचक वळण घ्या, स्पाचं पूआँ चांगलं. वेग एकसारखा ठेवा आणि स्टिअरिंग अगदी सावकाश वळवत न्या. जडपणा वाढेल, मग एका ठिकाणी हात लोण्यातून गेल्यासारखा होईल. त्या क्षणी गाडी अजून वळत असली पाहिजे. जडपणा आणि पकड दोन्ही एकदमच सुटत असतील तर टायरचं किंवा पाठवणीचं, कशाचं तरी गणित कच्चं आहे. त्यापुढं आणखी वळवा: पुढचे टायर कुरकुरत बाहेर सरकतील. आता स्टिअरिंग थोडं सोडा. पकड परत यायला पाहिजे, आणि फार वाट न बघता. सुटलेला टायर परतच येत नाही, गाडी कड्यावरून पडल्यासारखी जाते, याला पोरं "हार्डकोर" म्हणतात. मी त्याला अर्धवट म्हणतो.

शेवटची चाचणी माझी सगळ्यात आवडती, कारण तिथं दिखाऊ गेम हमखास उघडा पडतो. टायरवर दाब (हवेचा नाही, वरून पडणाऱ्या वजनाचा) दुप्पट केला की पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. समजा 200 किलो दाबावर 200 पकड मिळत होती. 400 वर 400 नाही, 360 मिळते. यातून पुढची गंमत येते. वळणात गाडी कलते, आतल्या चाकाचा दाब बाहेरच्या चाकावर जातो. आतल्याने जेवढं गमावलं तेवढं बाहेरच्याला मिळत नाही, जोडी मिळून तोट्यात. जीटी3 गाडी घ्या, मागचा अँटिरोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) अगदी कडक करा, बाकी कशाला हात लावू नका. आता मागच्या जोडीत दाबाची अदलाबदल जास्त होणार, म्हणून गाडीची शेपटी लवकर निघायला पाहिजे. मग तो ढिला करून पुढचा कडक करा: आता नाक बाहेर जायला पाहिजे. दोन्ही वेळी गाडी तशीच चालली तर त्या सेटिंगच्या पानावरचे आकडे शोभेचे.

आमच्या होटगी रोडवर यातलं काहीही करून बघायचं नाही. सांगायची गरज नव्हती, पण भाचा माझी स्कूटर घेऊन जातो, म्हणून लिहून ठेवलं.

इतकं केल्यावरही एक गोष्ट राहते. टायर बनवणाऱ्या कंपन्या आपली मोजमापं सहजासहजी देत नाहीत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पाचेयका यांनी 1980 च्या दशकात व्होल्वोबरोबर काम करून एक सूत्र बसवलं, त्याचं नावच मॅजिक फॉर्म्युला. जादू अशी की ते रबराच्या स्वभावातून काढलेलं नाही, मोजलेल्या आकड्यांवर चपखल बसवलेलं आहे. मोजलंय तिथपर्यंत उत्तम. पण रेसिंगच्या गेममध्ये आपण निम्मा वेळ मोजमापाच्या पलीकडे असतो, गाडी आडवी करून. तिथं कुणी सूत्र ओढून ताणतं, तर कुणी रबर, आतलं कापड, उष्णता यांचं भौतिकशास्त्र पहिल्यापासून मांडायचा प्रयत्न करतं. आयरेसिंगचे डेव्ह केमर 2011 पासून त्या दुसऱ्या वाटेवर आहेत. दोन्ही वाटांवर शेवटी कुणीतरी माणूस बसून "हे बरोबर वाटतंय" असं म्हणतोच. म्हणून गाण्यात जशी घराणी, तशी इथंही. केमर यांच्या पॅपिरस कंपनीने 1998 मध्ये ग्रँड प्रिक्स लेजेंड्स काढला, 1967 च्या हंगामाचा, गाड्यांना पंख नसलेल्या काळातला. गाड्या सारख्या फिरायच्या. जो अवघड तो खरा, ही समजूत माझ्या मते तिथूनच बळावली. इटलीच्या कुनोस कंपनीचं घराणं वेगळं, नेटकार प्रोपासून असेट्टो कोर्सापर्यंत. ज्या घराण्यात तुमचा कान, म्हणजे हात, तयार झाला तेच तुम्हाला सुरात वाटणार. त्यात पैसे गेलेले असतात ते वेगळंच. वर्गणी भरून, वर गाड्या नि ट्रॅक सुटे विकत घेऊन बसलेला माणूस "टायर तेवढा बरा नाही" असं कबूल करणं अवघड.

ती निष्ठा ओळखायची माझी एक युक्ती आहे. कुठल्याही गेममध्ये गाडी फिरली की मी काय पुटपुटतो ते भाचा लिहून ठेवतो. माझ्या गेममध्ये फिरली तर मी म्हणतो, "माझी चूक, गॅस लवकर दिला." दुसऱ्याच्या गेममध्ये फिरली तर, "हा कसला टायर!" एका रात्रीत हा हिशोब नऊ वेळा "माझी चूक" आणि अकरा वेळा "हा कसला टायर" असा निघाला होता. तुम्हीही शेजारी कुणाला तरी बसवून लिहायला सांगा. नवा गेम निदान दोन आठवडे रोज तासभर खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून केला.

आणि सगळं वहीत लिहा, तारखेसकट आणि गेमच्या आवृत्तीच्या आकड्यासकट. हे लोक टायर बदलत असतात. माझ्या वहीत असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओनेच्या (कुनोसचाच पुढचा गेम) पानावर गरम टायरची हवा 27.5 अशी लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून लिहिली होती. 2023 च्या एप्रिलमध्ये 1.9 चं अपडेट आलं आणि तीच हवा 26 ते 27 च्या मध्ये चांगली चालायला लागली. गल्लीतला एकजण महिनाभर तावातावाने सांगत होता की नवा टायर बिघडवलाय, पकडच उरली नाही. त्याची सेटिंग उघडून बघितली. हवा 27.8.